बुरशीचें स्वयंवर

(नभोवाणीवरील भाषण)

ज्या विवाहांत वर नाहीं, वधू नाहीं, मध्यस्थ नाहीं, परंतु गोत्र मात्र काटेकोरपणें पाहिलें जातें, अशा एका विवाहाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. हा विवाह आहे बुरशीचा. विषय ऐकून कांहीं भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील. कारण बुरशी म्हटली कीं लोणच्याची बरणी, शिळी भाकरी आणि पावसाळ्यांत पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चढणारी राखी लव हींच डोळ्यांपुढें येतात. अंबरनाथजवळच्या आमच्या पालेगांवांत भातखाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, तरी श्रावणांतल्या ओलाव्यानें ही लव नव्या भिंतींवरही जुन्या गोठ्याइतक्याच निष्ठेनें उगवते. तिच्याकडे आपण तुच्छतेनें पाहतों. परंतु जिला डोळे नाहींत, नाक नाहीं, मज्जातंतू नाहींत, अशी ही बुरशी आपल्या अनुरूप जोडीदारास दुरून ओळखते, त्याच्या दिशेनें वळते आणि त्याच्याशींच एकजीव होते. हें तिला कसें कळतें, हा प्रश्न सोडविण्यास शास्त्रज्ञांना सुमारें नव्वद वर्षें लागलीं. त्या शोधाचा इतिहास आपल्या ज्वारीच्या आणि उंसाच्या शेतांपर्यंत येऊन पोंचतो, म्हणून तो आपणही जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम आपल्या शेतांतूनच प्रारंभ करूं. ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास काणी हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. कणीस भरून आलें असें वाटतें, पण दाणा चिरडून पाहावा तर आंतून पीठ न निघतां काळी भुकटी निघते. ही भुकटी म्हणजे एका बुरशीचे असंख्य बीजाणू. आपल्याकडे ज्वारीवर दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी अशा चार प्रकारच्या काण्या आढळतात. जी. एस. कुळकर्णी या कवकशास्त्रज्ञांनीं मुंबई इलाख्यांतील या काण्यांचा बारकाईनें अभ्यास केला आणि त्यांची पुस्तिका १९१८ सालीं बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेनें प्रसिद्ध केली. त्याच सालीं त्या संस्थेंतील एडविन बटलर यांचा वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांवरील सुप्रसिद्ध ग्रंथही बाहेर पडला. हिंदुस्थानांतील पिकांच्या रोगांचें शास्त्र या सुमारास आपल्या पायांवर उभें राहिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दाणे काणीची चाल मोठी कपटी आहे. खळ्यावर मळणी होतांना काणीचे दाणे फुटतात आणि त्यांतील काळी भुकटी निरोगी दाण्यांना चिकटते. तेंच बीं पुढच्या वर्षीं पेरलें जातें. जमिनींत बीं रुजूं लागलें कीं त्यावरील बीजाणूही रुजतात, कोंब वर येण्यापूर्वींच बुरशी त्याच्या अंगांत शिरते, आणि मग ती झाडाबरोबर निमूटपणें वाढत जाते. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. कणीस आलें म्हणजे मगच सारा प्रकार उघडकीस येतो. त्या वेळीं हातीं कांहीं उरलेलें नसतें. म्हणून उपाय करावयाचा तो पेरण्याआधींच. पूर्वीं बीं मोरचुदाच्या पाण्यांत भिजवीत. पुढें १९३० नंतरच्या काळांत पुण्याचे बी. एन. उप्पल व त्यांचे सहकारी यांनीं बियाण्यास गंधकाची बारीक पूड चोळण्याचा उपाय पारखून पाहिला, आणि तो इतका स्वस्त व सोपा होता कीं अल्पावधींत सर्वत्र रूढ झाला. बीं आणि बीजाणू एकाच वेळीं जमिनींत जातात, त्यामुळें गंधक बीजाणूस जागच्या जागीं गांठतो. झिपरी काणीचे बीजाणू जमिनींतच दबा धरून असतात, आणि लांब काणीचे वाऱ्यावर येतात. म्हणून त्या दोहोंपुढें बियाण्याला चोळलेल्या गंधकाचें फारसें चालत नाहीं.

उपाय सांपडला, परंतु एक प्रश्न राहिलाच. बीजाणू रुजल्यापासून बुरशी कोंबांत शिरेपर्यंत त्या अंधारांत काय घडतें? येथें आपणांस ज्वारीचें शेत क्षणभर सोडून शिळ्या भाकरीच्या बुरशीकडे वळलें पाहिजे.

१९०४ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत आल्बर्ट ब्लेकस्ली नांवाचा एक तरुण विद्यार्थी पावावर येणाऱ्या बुरशींचा अभ्यास करीत होता. पुढें हे गृहस्थ धोतऱ्याच्या आनुवंशिक अभ्यासामुळें प्रसिद्धीस आले. पण त्यांचा पहिला मोठा शोध या क्षुद्र बुरशींचा होय. या बुरशी कधीं कधीं दोन तंतूंच्या संयोगानें एक जाड कवचाचा काळा बीजाणू तयार करतात. तो कधीं होतो, कधीं होत नाहीं. आणि याचें कारण कोणी हवेंत शोधी, कोणी अन्नांत शोधी. ब्लेकस्ली यांनीं दाखविलें कीं कारण हवेंतही नाहीं आणि अन्नांतही नाहीं. यांतील बहुतेक बुरशींत दोन कुळें असतात. दोन्ही दिसावयास अगदीं सारखीं. नर कोणता आणि मादी कोणती हें ठरविणेंच अशक्य. म्हणून त्यांनीं त्यांना धन आणि ऋण अशीं नांवें दिलीं. धनाचा धनाशीं संयोग होत नाहीं, ऋणाचा ऋणाशीं होत नाहीं. परंतु धन आणि ऋण यांची वाढ जेथें समोरासमोर येते, तेथें बरोबर त्या सीमेवर काळ्या बीजाणूंची रेघ उमटते. आपल्याकडील सगोत्र विवाहाच्या निषेधाची आठवण व्हावी, असा हा प्रकार. फरक इतकाच, कीं आमचें गोत्र भटजीबोवा विचारतात, आणि येथें विचारणारा कोणीच नाहीं.

मग विचारतो कोण? हान्स बुर्गेफ या जर्मन शास्त्रज्ञानें १९२४ सालीं या प्रश्नास हात घातला. त्यानें धन आणि ऋण यांच्यामध्यें एक पातळ पडदा ठेवला. तंतूंना पलीकडे जातां येईना, तरीही दोन्हीकडचे तंतू संयोगाची तयारी करूं लागले. याचा अर्थ उघड होता. स्पर्श होण्यापूर्वींच कांहीं तरी द्रव्य एकाकडून दुसऱ्याकडे जात होतें. या द्रव्याचा छडा लागावयास १९६० नंतरचें दशक उजाडावें लागलें. तें गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनपासून बुरशीच्या अंगांत तयार होणारें एक आम्ल निघालें. आणि त्याच्या निर्मितींत दोन्ही कुळांचा वांटा असतो. एकानें अर्धें रांधलेलें दुसऱ्यानें पुरें करावें, असा तो संसार लग्नापूर्वींच चाललेला असतो. ज्या बुरशींत तें प्रथम सांपडलें तिला ब्लेकस्ली यांचेंच नांव दिलेलें आहे; आणि तिचीं दोन्ही कुळें एकत्र वाढविलीं असतां कॅरोटीनचें उत्पादन पुष्कळ वाढतें, या गोष्टीचा कारखानदारांनीं खाद्यरंगासाठीं उपयोगही करून घेतला.

दरम्यान भूछत्रांच्या अभ्यासकांना याहूनही चमत्कारिक गोष्ट दिसून आली. १९१८ सालीं मातिल्द बेंसोद या विदुषीनें आणि लगोलग हान्स क्नीप यांनीं दाखविलें कीं भूछत्रांमध्येंही असा गोत्रविचार आहे. पण कित्येक जातींत तो एका लक्षणावर नव्हे, तर दोन लक्षणांवर ठरतो. दोन्ही लक्षणें निराळीं असतील तरच विवाह संपन्न होतो. पावसाळ्यांत वाळक्या आंब्याच्या फांदीवर पंख्याच्या आकाराची, पांढुरकी, खालून पाकळ्या चिरल्यासारखी दिसणारी एक लहान अळंबी आपण पाहिली असेल. तिचें शास्त्रीय नांव स्किझोफायलम. अमेरिकेंतील जॉन रेपर यांनीं जगभरचे नमुने गोळा करून हिशेब केला, तेव्हां या एकाच जातींत वीस हजारांहून अधिक गोत्रें संभवतात असें निष्पन्न झालें! याचा परिणाम मोठा विचार करण्यासारखा आहे. एकाच छत्रीच्या सख्ख्या भावंडांची आपसांत जोडी जुळण्याचा संभव चारांत एक. परंतु दोन परके भेटले तर ते जवळजवळ खात्रीनें परस्परांस अनुरूप ठरतात. म्हणजे निसर्गानें भावाबहिणींच्या संबंधास आडकाठी केली आणि परक्यासाठीं दार सताड उघडें ठेवलें.

परंतु या कोड्याची किल्ली शेवटीं मिळाली ती पावांत. गोव्याचे पोदेर पूर्वीं माडाच्या माडीनें पीठ आंबवीत. त्या माडींत, आणि ताडींतही, जें सूक्ष्म किण्व असतें, तेंच जगभर पाव फुगवितें. हें किण्व म्हणजे एकेका पेशीची बुरशी. १९४३ सालीं लिंडग्रेन या अमेरिकन दांपत्यानें तिच्यांतही दोन कुळें असल्याचें दाखविलें. त्यांना ‘ए’ आणि ‘आल्फा’ अशीं नांवें आहेत. १९५६ सालीं लेव्ही या संशोधकाच्या ध्यानांत आलें कीं आल्फा पेशींच्या शेजारीं ठेवलेली ए पेशी आपला नेहमींचा गोल आकार सोडून लांबट होऊं लागते. आणि १९७० सालीं डुन्ट्स, मॅके आणि मॅनी या तिघांनीं सिद्ध केलें कीं आल्फा पेशी आपल्या भोंवतालच्या द्रवांत एक द्रव्य सोडतात. पेशी दृष्टीआड असल्या तरी त्या द्रव्याची गांठ पडतांच ए पेशी आपली वाढ थांबविते आणि विवाहास सिद्ध होते. अशा संकेतद्रव्यास फेरोमोन म्हणतात. हा शब्द १९५९ सालीं कीटकांच्या अभ्यासांतून आला. त्याच वर्षीं रेशमाच्या पतंगाची मादी ज्या गंधानें नरास बोलावते, त्या गंधद्रव्याचाही शोध लागला.

आल्फा कुळाचें हें द्रव्य तेरा अमिनो आम्लांची एक लहानशी माळ आहे. ए कुळाचें द्रव्य बारा आम्लांचें असून त्यास तेलकट शेपूट जोडलेलें असतें. आतां संकेत म्हटला कीं तो ऐकणारा कानही हवाच. तो कान १९८५ सालीं ओळखतां आला. पेशीच्या आवरणांत एक प्रथिन असें बसविलेलें असतें, कीं त्याचा धागा आवरणांतून सात वेळां आंतबाहेर जातो. जणू शिवणीचे सात टांके. याला ग्राही प्रथिन असें म्हणूं. ए पेशीवरील ग्राही केवळ आल्फाचा संकेत घेतो, आणि आल्फा पेशीवरील ग्राही केवळ ए चा. कुलपांत दुसऱ्याची किल्ली शिरावी आणि आंतल्या आंत खटका पडावा, तसें हें घडतें. खटका पडला कीं आंतील निरोप्या प्रथिनें एकामागून एक जागीं होतात, पेशी विभागण्याचें थांबते, आणि जिकडून संकेत अधिक येतो तिकडे आपलें अंग पुढें करते. स्वतःचें गोत्र स्वतःस ऐकूं येत नाहीं. म्हणून सगोत्र विवाह होत नाहीं. इतकी साधी ही योजना आहे.

बरें, एकाच वेळीं अनेक आल्फा पेशी जवळ असल्या तर? १९९० सालीं जॅक्सन आणि हार्टवेल यांनीं दाखविलें कीं त्यांतून ज्या पेशीचा संकेत सर्वांत प्रबळ, तिलाच पसंती मिळते. म्हणूनच मीं या भाषणास स्वयंवर असें नांव दिलें. येथें खरोखरच निवड होते. याच लेलंड हार्टवेल यांना पेशीविभाजनाच्या संशोधनाबद्दल २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि विभाजनाचें चक्र नेमकें कोठें थांबतें हें पाहण्यासाठीं आल्फा पेशींचें हें संकेतद्रव्य त्यांच्या फार उपयोगीं पडलें होतें.

आणखी एक आश्चर्य पाहा. सात टांक्यांचें तें ग्राही प्रथिन ज्या घराण्यांतलें, त्याच घराण्यांत आपल्या डोळ्यांतील प्रकाश टिपणारें प्रथिन मोडतें. आपल्या नाकांत गंध ओळखणारीं प्रथिनें १९९१ सालीं सांपडलीं, त्यांचीही घडण सात टांक्यांचीच. रक्तदाबावर, दम्यावर आपण जीं औषधें घेतों, त्यांतील अनेक औषधें याच घडणीच्या प्रथिनांवर जाऊन बसतात. आणि या प्रथिनांच्या अभ्यासाबद्दल २०१२ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक दिलें गेलें. माडींतल्या किण्वाला जोडीदार ज्या साधनानें कळतो, त्याच तऱ्हेच्या साधनानें आपल्याला मोगऱ्याचा वास कळतो.

आतां आपण पुन्हां काणीकडे येऊं. किण्वांत हा उलगडा झाल्यावर जर्मनींतील बोल्कर, उर्बान आणि रेगिने कामान यांनीं मक्याच्या काणीकडे लक्ष वळविलें. १९९२ सालीं त्यांनीं दाखविलें कीं या बुरशींतील कुळ ठरविणाऱ्या जनुकांत दोन गोष्टी एकमेकींशेजारीं नांदतात: एक स्वतःचें संकेतद्रव्य घडविण्याची आज्ञा आणि दुसरी परक्या कुळाचा संकेत घेणारा ग्राही घडविण्याची आज्ञा. बीजाणू रुजला कीं त्यांतून किण्वासारख्या लहान पेशी निघतात. या पेशी एकएकट्या अगदीं निरुपद्रवी असतात. त्या झाडास रोग करूं शकत नाहींत. परंतु दोन भिन्न कुळांच्या पेशी जवळ आल्या, कीं एकमेकींचा संकेत ओळखून त्या बारीक नळ्या फोडतात, नळ्या एकमेकींस भेटतात, आणि त्या मीलनांतून जो नवा तंतू जन्मास येतो तोच झाडांत शिरतो. झाडाचा वैरी तो खरा. अंधारांत काय घडतें, या आपल्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे: तेथें आधीं लग्न लागतें आणि मगच दरोडा पडतो.

उंसाच्या काणीचीही हीच रीत. हा रोग प्रथम १८७७ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ येथें नोंदला गेला. उंसाच्या शेंड्यांतून चाबकासारखी लांब काळी दोरी बाहेर पडते, म्हणून आपल्याकडे तिला चाबूक काणी म्हणतात. नीरेच्या कांठीं, सातारा जिल्ह्यांत पाडेगांव म्हणून गांव आहे. माझ्या पालेगांवाशीं त्याचें केवळ अक्षराचें नातें. पण तेथें १९३२ सालीं स्थापन झालेलें ऊंस संशोधन केंद्र महाराष्ट्राच्या शेतकऱ्याशीं फार जवळचें नातें राखून आहे. चाबूक दिसतांच त्यावर पोतें किंवा पिशवी अलगद घालावी, मगच तो कापावा आणि जाळून टाकावा, म्हणजे भुकटी उडत नाहीं. बेणें उष्ण पाण्याची वा उष्ण हवेची प्रक्रिया करून लावावें. रोगट शेताचा खोडवा ठेवूं नये. आणि प्रतिकारक जात निवडावी. असे उपाय शेतकऱ्यांस सांगितले जातात. कोइमतूरच्या ऊंस पैदास संस्थेंतील अलेक्झांडर आणि श्रीनिवासन यांनीं १९६६ सालींच या बुरशीच्या लैंगिक व्यवहाराविषयीं निबंध प्रसिद्ध केला होता. पुढें संकेताचे आणि ग्राहीचे जनुक हातीं आले, आणि ती मीलनाची पायरीच अडविली तर रोग करण्याची या बुरशीची शक्ति लोपते, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें.

यांत आपला लाभ कोणता, असें कोणी विचारील. लाभ दुहेरी आहे. एक तर शत्रूच्या साखळींतील कच्चा दुवा कळला. बुरशीस मारणारें विष झाडासही बाधूं शकतें आणि माणसासही. परंतु दोन पेशींमधला संकेत बुजविणें हें केवळ त्या बुरशीलाच बाधेल. या दिशेनें संशोधनाची एक नवी वाट मोकळी झाली. दुसरें असें, कीं एखादी प्रतिकारक जात कांहीं वर्षांनीं रोगास बळी कां पडूं लागते, याचाही थोडा उलगडा झाला. प्रत्येक मीलनांत दोन घराण्यांचे गुण नव्यानें पिसले जातात; त्यांतून कधीं असा वंश निघतो कीं तो कालच्या प्रतिकारक जातीचें कुलूप उघडतो. शेतकऱ्यानें एकदां चांगलें बियाणें मिळालें म्हणून निर्धास्त राहूं नये, आणि सरकारनें संशोधन केंद्रांवरील खर्च आंखडता घेऊं नये, यांचें कारण येथें आहे.

पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचीही कथा अशीच. १९५४ सालीं पिंपरी येथें स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यामुळें पेनिसिलिन हें नांव महाराष्ट्रांत घरोघर झालें. ती बुरशी ब्रह्मचारिणी आहे अशी दीर्घ काळ समजूत होती. २०१३ सालीं जर्मन शास्त्रज्ञांनीं तिचींही दोन कुळें अनुकूल परिस्थितींत एकत्र आणून विवाह घडवून आणला. जिच्यावर लक्षावधि माणसांचे प्राण अवलंबून होते, तिच्या घरची ही गोष्ट शास्त्रज्ञांस इतक्या उशिरां कळली.

श्रोतेहो, बी. बी. मुंडकूर यांचें नांव घेतल्याशिवाय हें भाषण पुरें करणें योग्य होणार नाहीं. १९४७ सालीं भारतीय वनस्पतिरोगशास्त्र परिषदेची स्थापना करण्यांत त्यांचा पुढाकार होता. आणि हिंदुस्थानांतील काण्यांचा त्यांनीं तिरुमलाचार यांच्या सहकार्यानें लिहिलेला ग्रंथ १९५२ सालीं, म्हणजे मुंडकूर यांच्या निधनाच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. कुळकर्णी, उप्पल, मुंडकूर या मंडळींना संकेतद्रव्यें ठाऊक नव्हतीं, ग्राही प्रथिनें ठाऊक नव्हतीं. त्यांनीं शेतोशेतीं हिंडून काळी भुकटी गोळा केली, तिला नांवें दिलीं, तिच्या संवयी लिहून ठेवल्या आणि शेतकऱ्याच्या हातीं गंधकाची पुडी दिली. तिकडे ब्लेकस्ली शिळ्या पावाकडे पाहत होते. त्यांना ज्वारीशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. या दोन वाटा पाऊणशें वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या चालल्या आणि मग एकाच ठिकाणीं येऊन मिळाल्या. यांपैकीं कोणाही एकास, ‘तुझ्या या उद्योगाचा उपयोग काय?’ असें विचारून घरीं बसविलें असतें, तर हा शोध तेवढाच लांबणीवर पडला असता.

मी आयुष्यभर शाळेंत मुलांपुढें उभा राहिलों. ओल्या भिंतीवरील लव पाहून एखादें मूल, ‘ही येथें कशी आली?’ असें विचारतें, तेव्हां बहुतेक घरांत त्याला हात धुवावयास पाठविण्यांत येतें. हात अवश्य धुववावेत; परंतु प्रश्न धुऊन टाकूं नये. ज्या प्रश्नाचें आज उत्तर नाहीं, तोच उद्यां कोणाच्या तरी कणसांतला दाणा राखणार असतो.